तळ दिसेपर्यंत

एप्रिल लागला की आमच्या शाळेच्या तरणतलावाचं पाणी एकदा तरी रुसतंच. यवतमाळच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी ही शाळा आहे आणि मी तिथे मुलांना पोहायला शिकवते. उन्हाळी शिबिराला येणारी मुलं डोक्याला तेल चोपडून येतात. ऊन बाधू नये म्हणून आयांनी प्रेमाने थापलेलं असतं. आधी नळाखाली उभे राहा, असं रोज घसा फोडून सांगावं लागतं आणि रोज त्यातली निम्मी माझा डोळा चुकवून थेट उडी टाकतात. मग काही दिवसांत पाण्याला दुधी छटा चढते, तळाच्या निळ्या फरशीवरच्या रेघा पुसट होतात आणि एके सकाळी त्या दिसेनाशाच होतात. आज तशी सकाळ होती. मी मुलांना फाटकावरूनच परत पाठवलं.

मुख्याध्यापकांचा फोन आला. पालक विचारतायत, औषध जरा जास्त टाकून उद्यापासून सुरू करता येईल का, असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला आहे, पण त्यांना वाटतं पाणी म्हणजे दंगा करणारा वर्ग आहे, दोन छड्या जास्त मारल्या की गप्प बसेल. मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. या एका बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात लाल औषधाचे थेंब टाकले आणि उजेडात धरून रंग बघितला. आमच्याकडचं बोअरचं पाणी मुळातच जड, क्षाराचं. त्यात क्लोरीनची पावडर पडत राहिली की क्षार आणखी चढतो, आणि मग ना क्लोरीन नीट काम करतं ना तुरटी. म्हणून आधी थोडं आम्ल टाकून तो क्षार उतरवायचा, ते पाण्यात पुरतं मिसळू द्यायचं, गाळणीतली वाळू उलट्या धारेने धुऊन घ्यायची, नंतर क्लोरीन बघायचं. संध्याकाळी वारा पडला की तुरटीचं पाणी सगळीकडे शिंपडून, एकदा हलकेच ढवळून पंप बंद करायचा. बस्स. त्यानंतर फाटकाला कुलूप लावून थांबायचं. पाण्यातला बारीक गाळ एकमेकाला धरून जड होतो आणि आपल्या वेळेने खाली बसतो. मध्येच कोणी हात घातला की पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं करताना ब्लीचिंगचा वास नाकात शिरतो. इतकी वर्षं याच कामात काढली तरी मला तो वास आवडत नाही. त्या वासाबरोबर दारव्ह्याच्या रस्त्यावरची एक बंद पडलेली जिनिंग येते, तिच्या मागच्या बाजूचा आगीचा हौद येतो, आणि हौदाच्या कठड्यावर, पाण्याला पाऊलही न लावता बसलेला माझा मिलिंदकाका येतो.

जिनिंग म्हटली की पाण्याचा हौद असतोच. रेच्यात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, कापसाबरोबर एखादा खडा गेला तरी ठिणगी उडते आणि बघता बघता गंजी पेटते. म्हणून हौद कायम भरलेला ठेवायचा. माझे बाबा तिथे फिटर होते आणि काका, त्यांचा धाकटा भाऊ, रेच्यावर कामाला. काकाचं लग्न झालेलं नव्हतं. आम्ही सगळे आवारातच, फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहायचो. कापसाचे ते वाईट दिवस होते. आधी गाड्यांच्या रांगा आखडत गेल्या, मग एका हंगामात निम्मेच रेचे चालले आणि पुढच्या हंगामात चाललेच नाहीत. मालक दुसऱ्या गावी राहायचा. त्याने बाबांना राखणीला ठेवून घेतलं आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. तोवर आमच्या घरात अंथरुणात, कणकेत, आईच्या केसांत रुईचे तंतू सापडायचे. त्या वर्षी सापडेनासे झाले. आई म्हणायची, घर स्वच्छ राहायला लागलं तेव्हाच मी पीठ मोजून भिजवायला लागले.

शेजारच्या रेच्यावर गजानन नावाचा काकाचा जोडीदार होता. दोघं एका डब्यात जेवायचे, यंत्रांच्या आवाजात ओठांच्या हालचालीवरून एकमेकांचं बोलणं ओळखायचे. काम सुटल्यावर गजानन आपल्या गावी गेला आणि त्याच हिवाळ्यात तिथल्या विहिरीत गेला. निरोप आला तसा काका धावला. विहिरीचं पाणी गढूळ होतं. पोहणारे आत उतरले, गळ टाकले, दिवसभर चाचपत राहिले. काकाला पोहता येत नव्हतं. तो वर दोर धरून उभा होता. पाण्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं, एवढं एकच वाक्य त्याने परत आल्यावर बाबांना सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. हळूहळू इतर विषयही काढेनासा झाला.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. लोक बातम्या वाचायचे आणि पेपर घडी करून ठेवायचे; मोठ्याने कोणी वाचायचं नाही. आवाराच्या भिंतीपलीकडे एक जुनी विहीर होती. काका संध्याकाळी तिकडे जाऊन बसायला लागला. आई धुण्याचं निमित्त करून, सरपणाचं निमित्त करून त्याच्या मागे जायची. घरात फवारणीचं कुठलंही औषध ठेवायचं नाही, असा तिने दंडक घातला. काकाला एकटं राहू द्यायचं नाही, म्हणून मला सारखी त्याच्याकडे गणितं घेऊन पाठवायची. मी गणितात बरी होते, तरी पाठवायची.

आणि मग तिच्या डोक्यात पोहण्याचं आलं. राळेगावकडच्या तिच्या माहेरी म्हाताऱ्या बाया सांगायच्या, पोहता येणाऱ्याला विहीर ठेवून घेत नाही. माणसाचं मन काहीही ठरवो, पोहणारं अंग त्याचं ऐकत नाही, हातपाय मारतंच. खरं-खोटं देव जाणे, असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती, आम्ही विहारात जाणारी माणसं. पण आईने त्या गोष्टीवर विश्वास ठेवला. ठेवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. दिराला ती तोंडावर काय सांगणार? तिने मला पुढे केलं. पोरगी मोठी होते आहे, तिला पोहायला शिकवायचं आहे, तिचे बाबा एकटे किती धरतील, तुम्हीही पाण्यात उतरा, असं तिने काकाला सांगितलं.

हे सगळं मला मी नोकरीला लागले त्या वर्षी आईने सांगितलं. तोवर तो उन्हाळा मी माझा समजत होते. माझ्यासाठी बाबांनी हौद घासला, माझ्यासाठी काका रोज सकाळी उठला, अशी माझी समजूत होती, आणि तेवढ्यावर मी शाळेत कितीतरी मिजास केली होती. आईचं ऐकून मला आधी वाईट वाटलं, खरंच सांगते. मग त्या वाईट वाटण्याची लाज वाटली.

हौद तेव्हा हिरवागार होता. वर शेवाळाची साय, कडेला बेडकांची वस्ती. बाबांनी मालकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आग लागायला आता कापूस कुठे आहे, काय करायचं ते करा. बाबांनी निम्मं पाणी मागच्या उतारावर सोडून दिलं, भिंती नारळाच्या किशीने घासल्या, आणि लोडशेडिंगमधून वीज सापडेल तशी बोअरची मोटर लावून पाणी छातीपर्यंत आणलं. पण हिरवेपणा पुरता जाईना. काका कठड्यावर बसून बघत होता. आईने विचारलं, कधी उतरता?

"तळ दिसल्याशिवाय म्या उतरत नाही, वहिनी," काका म्हणाला.

"तळ दाखवाचं माह्यावर सोडा, भाऊजी," आई म्हणाली.

आमच्याकडे एका फुटक्या कपाची बशी उरलेली होती, पांढरी, मध्ये लाल फूल असलेली. बाबांनी तारेचा तुकडा वळवून तिला कडी केली आणि आईने तिला सुतळी बांधली. रोज सकाळी आई ती बशी हौदात सोडायची. वीतभर गेली की फूल दिसेनासं व्हायचं, हातभर गेली की बशीच नाहीशी व्हायची. ती ओढून घ्यायची, पदराने पुसायची आणि बाबांकडे बघायची. बाबा मान खाली घालायचे, जणू पाणी त्यांनीच गढूळ केलं होतं.

बाबांनी ब्लीचिंग पावडर आणली आणि सरळ मुठीने पाण्यावर फेकली. हिरवं पाणी दोन दिवसांत फिकटलं आणि मग ताकासारखं पांढरं झालं. बाबांना वाटलं, औषध कमी पडलं. आणखी टाकली. विहिरीत चुना टाकतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून कळीचा चुना टाकला. किराणा दुकानातून तुरटीचे खडे आणून फडक्यात बांधून फिरवले. तुरटीने पाणी निवळतं हे घरोघरच्या माठाने आम्हाला शिकवलेलं होतंच. पण सकाळी तुरटी, दुपारी ब्लीचिंग, संध्याकाळी चुना, आणि मधल्या वेळात बांबूने ढवळणं, असं चालल्यावर बिचारं पाणी निवळणार कधी? आधीच जड पाणी, त्यात चुना, त्यात चुन्याचीच बहीण ती ब्लीचिंग. अति तेथे माती म्हणतात. इथे अति तेथे ताक झालं होतं. आज मला हे नळीतल्या रंगावरून सांगता येतं. तेव्हा कोणालाच कळत नव्हतं.

बाबांचा मला आज राग येत नाही. ती आमच्याकडची पद्धतच होती. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी पडली की फवारा मारायचा, अळी मेली नाही की दुसरं औषध, तेही चाललं नाही की दोन्ही एकत्र. दुकानदार सांगायचा तसं, शेजाऱ्याने मारलं तसं. औषध टाकून गप्प बसायचं आणि वाट बघायची, हे कोणाला परवडत नव्हतं. हात चालू ठेवला की काहीतरी करतो आहोत असं वाटायचं. आमच्या हौदावरही तेच चाललं होतं, फक्त पिकाच्या जागी काका होता.

एके दिवशी बाबांना युक्ती सुचली. औषध सगळीकडे सारखं पडत नाही म्हणून हे होतंय, असं त्यांनी ठरवलं आणि छपरीतला फवारणीचा पंप पाठीवर घेतला. काका पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जायचा, तो पंप. त्यात ब्लीचिंगचं पाणी भरून हौदावर फवारायचं होतं. आई भांडी घासत होती. तिने बाबांच्या पाठीवरची ती निळी टाकी बघितली आणि राखेचे हात तसेच घेऊन धावत आली. पंपाचं झाकण उघडून तिने नाक आत घातलं. कितीही धुतला तरी त्या पंपाला वास असायचा. तिने तो बाबांच्या पाठीवरून अक्षरशः ओढून काढला.

"याचं पाणी या हौदात पडाचं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण बाबा दोन पावलं मागे सरले. "ज्याले वाचवाचं, त्याच्याच अंगावर हे टाकून राह्यले काय तुम्ही?"

काका तिथेच, कठड्यावर होता. त्याने ते ऐकलं. त्याला काय समजलं, किती समजलं, हे मला कधीच कळलं नाही. मी समजले की आई माझ्याबद्दल बोलते आहे. काका उठून पंप घेऊन गेला आणि त्याने तो भिंतीपलीकडच्या कोठारात टाकून दिला. संध्याकाळी बाबांकडे ब्लीचिंग संपलेली होती, चुनाही संपला होता, उरली होती ती नुसती तुरटी. ती त्यांनी कुटून गरम पाण्यात विरघळवली, सगळीकडे शिंपडली आणि निराशेने हौदाकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवसापासून जयंती होती. जयंतीचे दोन दिवस आमच्याकडे कामाला कोणी हात लावत नाही. वस्तीत निळे झेंडे लागले, विहाराला रंग दिलेला, बाया पांढऱ्या साड्यांत. आईने आम्हा सगळ्यांना, काकालासुद्धा, बळेच बाहेर काढलं. मिरवणुकीत काका नाचला नाही; सगळ्यांच्या मागे, लाउडस्पीकरच्या बॅटरीच्या गाडीजवळ चालत राहिला. मी मधूनमधून मागे वळून बघायचे, तो आहे ना. आईने तसं सांगून ठेवलं होतं. बाबांनी मध्येच एकदा विषय काढला की कोणाकडे थोडी ब्लीचिंग मिळाली तर आज टाकून येतो. दुकानं बंद होती आणि आईही रागावली, म्हणून राहिलं.

घरी परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मीच बशी घेऊन हौदावर गेले. सुतळी सोडायची गरज पडली नाही. कठड्यावरून वाकले तर तळ दिसत होता. सिमेंटवरचे तडे, एक गंजलेला बोल्ट, कोपऱ्यात पडलेली कोणाची तरी फुटकी चिलीम, सगळं दिसत होतं. वर पाणी इतकं स्थिर की ते आहे की नाही असं वाटावं, आणि तळाला पांढरट गाळाची एक मऊ चादर बसलेली. कोणी काही न केल्याने झालं होतं ते. मी ओरडणार होते, पण ओरडले तर पाणी हलेल अशी मला भीती वाटली. मी पावलं न वाजवता जाऊन काकाला उठवलं.

काका आला. मी बशी सोडली. ती डोलत डोलत तळाला टेकली आणि लाल फूल नीट दिसलं. काका बराच वेळ त्या फुलाकडे बघत उभा होता. मग त्याने शर्ट काढला, बनियन काढली, आणि लोखंडी पायऱ्यांवरून एक एक पाय खाली टाकत उतरला. छातीपर्यंत पाण्यात उभा राहिल्यावर तो म्हणाला, पाणी थंड आहे. हिवाळ्यानंतर त्याने आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. मागे आई येऊन उभी होती. ती तोंडाला पदर लावून परत घरात गेली.

त्यानंतर आम्हाला पाण्याची खोड कळली. ब्लीचिंग बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी हौदात ओतायची. साका हौदात पडू द्यायचा नाही. तुरटी संध्याकाळीच, पोहणं सकाळीच, आणि मधल्या वेळात हौदाकडे फिरकायचं नाही. तळाचा गाळ काढायला बाबा पाइपाचं एक टोक तळाशी धरून, दुसरं मागच्या उतारावर सोडून, अगदी सावकाश पुढे सरकायचे; घाई केली की गाळ उठायचा. एप्रिल संपला, मे लागला. बाहेर वखरलेली काळी शेतं तापून भेगाळली होती, रस्त्यावर जीपगाड्या धूळ उडवत जायच्या, आणि बंद जिनिंगच्या मागे आम्ही चौघं एका हौदाची निगा राखत होतो. इतकं लक्ष आम्ही दुसऱ्या कशावरच दिलं नसेल.

माझ्या पाठीला बाबांनी पत्र्याचा रिकामा डबा बांधला होता. पोटाखाली काकाचा तळहात असायचा. तो हात थरथरायचा. मला वाटायचं, मी बुडेन म्हणून काका घाबरतो. बाबा लहानपणी अडाण नदीत पोहलेले. ते आधी मला हातपाय मारून दाखवायचे आणि मग काकाला म्हणायचे, पोरीला दाखव बरं तू करून. असं करत करत काका शिकला. माझ्याआधी शिकला. एके दिवशी तो हौदाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत गेला आणि वळून बघताना हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मी तेव्हा कितीतरी दिवसांनी बघितलं. आई कठड्यावर बसून डाळ निवडत होती. त्या दिवशी तिने पुरणपोळी केली. सण कुठला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, पोरगी तरंगली ना.

मी तरंगले नव्हते. मी डब्याच्या जोरावर होते.

जूनमध्ये पाऊस आला आणि छपरावरून, आवारातून काळ्या मातीचं पाणी हौदात उतरलं. पाणी पुन्हा गढूळ झालं. बाबांना दुसऱ्याच्या शेतात जावं लागत होतं, तुरटीला कोणाला वेळ नव्हता. आईने बशीची सुतळी सोडली, कडी काढली आणि बशी घासून मांडणीवर ठेवली. काकाही डवरणीला, निंदणीला जायला लागला. तो उन्हाळ्यात सुधारला होता असं आम्हाला वाटत होतं. पण पराट्या हातभर झाल्या, आणि तो पुन्हा गप्प व्हायला लागला. का, ते मला माहीत नाही. पाणी का गढुळतं हे मला आता बऱ्यापैकी सांगता येतं. माणसाचं मला आजही सांगता येत नाही.

आई आता नाही, बाबाही नाहीत. जिनिंगच्या जागी दुकानांचे गाळे आहेत, हौद कधीच बुजवला. काका साठीच्या पुढे गेला, दारव्ह्यातच असतो, सायकलवर फिरतो. माझं शिबिर सुरू झालं की दरवर्षी त्याचा फोन येतो. माझी विचारपूस करत नाही, पोराबाळांचं विचारत नाही. आजही दुपारी आला.

"तळ दिसते काय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, अजून नाही, उद्या-परवा दिसेल.

"मंग कोणाले उतरवू नको," तो म्हणाला. "घाई कायले करतं?"

मी फोन ठेवला आणि तलावाच्या काठावर बसून राहिले. दुपार टळली, वारा पडला, मी तुरटी शिंपडली, पंप बंद केला. आणि नेहमीप्रमाणे मला ती पोळ्याच्या आगेमागची दुपार आठवली.

पावसाने तेव्हा दडी मारली होती. आभाळ कोरडं ठाक, पराट्या माना टाकून उभ्या. मी दारात बसून चिंचोके खेळत होते. काका फाटकातून आत आला तो नखशिखांत भिजलेला. अंगात शर्ट, पँट, पायात काही नाही. केसांतून पाणी गळत होतं. त्याच्या मागे फुफाट्यात पाण्याची एक काळी रेघ उमटत आली होती, आणि ती हौदाकडून नव्हती, भिंतीपलीकडच्या विहिरीकडून होती. आई दारात आली. तिने आधी काकाकडे बघितलं, मग त्या रेघेकडे बघितलं, आणि चौकट घट्ट धरली.

मला मात्र भयंकर राग आला. सगळा उन्हाळा माझ्याबरोबर पोहलेला माणूस मला सोडून गेला होता.

"काका, तू मले सोडून पोहाले गेलता?" मी म्हटलं.

काकाने माझ्याकडे बघितलंच नाही. तो आईकडे बघत होता.

"हात चालतच राह्यले, वहिनी," तो म्हणाला. "म्या लय थांबवले. थांबेनात."

आई आतून टॉवेल घेऊन आली, त्याला दारातच खाली बसवलं आणि लहान मुलाचं पुसावं तसं त्याचं डोकं पुसायला लागली. टॉवेल दोनदा तिच्या हातून खाली पडला. मी अजून रुसूनच होते. मी त्याचा ओला शर्ट ओढला आणि पुन्हा विचारलं, मले काहून नाही नेलं? तेव्हा कुठे काकाने माझ्याकडे बघितलं. मला जवळ ओढलं. त्याच्या अंगाला विहिरीच्या पाण्याचा गार वास होता. त्याचं सगळं अंग हलत होतं आणि तो रडतो आहे हे मला उशिरा कळलं.

"आता एकटा नाही जात, सुजू," तो म्हणाला.

आईने चहा ठेवला. कप कुठला हाती लागला कोण जाणे, पण बशी तीच घेतली. तिने चहा बशीत ओतला आणि त्याच्या हातात दिला. काका दोन्ही हातांनी बशी धरून हळूहळू प्यायला. आई त्याच्यासमोर उकिडवी बसून बशीत बघत होती, मीही बघत होते. चहा कमी कमी होत गेला, आणि तळाचं लाल फूल दिसायला लागलं.